झॅपफिनो: फराट्यांना जागा मिळाली, पुढे काय झालं?

१९४४ सालच्या एका वहीतलं सुलेखनाचं पान १९९८ मध्ये झॅपफिनो नावाचा रोमन लिपीचा फाँट होऊन बाजारात आलं. मधल्या चौपन्न वर्षांत त्या अक्षरांचं वळण फारसं बदललं नाही, बदललं ते अक्षरं साठवण्याचं आणि जुळवण्याचं साधन. शिशाच्या खिळ्यात जे मावत नव्हतं ते संगणकाच्या फाइलीत मावलं. पण मावल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. हा टंक वापरणाऱ्याने प्रत्येक शब्दापाशी थांबून अक्षर निवडावं अशा हिशेबाने घडवला होता, आणि तो पोचला तो निवडीची सवय नसलेल्या लाखो लोकांच्या संगणकांवर. झॅपफिनोचं प्रकरण तपासण्यासारखं आहे ते यासाठी. नाजूक हस्ताक्षरी टंक कशाने जमतो आणि कशाने बिघडतो, हे या एका उदाहरणात जवळजवळ पूर्ण दिसतं.

वही हर्मन झॅप्फ यांची. जन्म १९१८, न्यूरेंबर्ग. त्यांना इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं होतं. वडील कामगार चळवळीतले, त्यामुळे १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तसं घर अडचणीत आलं आणि मुलाचं तांत्रिक शिक्षण राहून गेलं. तो रिटचिंगच्या, म्हणजे छापायची चित्रं हाताने सुधारण्याच्या, उमेदवारीला लागला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गला रूडॉल्फ कॉख या अक्षरकाराच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून झॅप्फ यांनी कॉख आणि इंग्लंडचे एडवर्ड जॉन्स्टन यांची सुलेखनावरची पुस्तकं विकत घेतली आणि घरी बसून गिरवायला सुरुवात केली. गुरू असा कोणी नाही. युद्धात त्यांना नकाशे काढण्याच्या कामावर घेतलं. एक मिलिमीटर उंचीची अक्षरं ते भिंगाशिवाय लिहीत, असं त्यांनीच आठवणींत सांगितलं आहे. याच काळात, सैन्यात असतानाच, ते वहीचं पान लिहिलं गेलं.

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या स्टेम्पेल या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीत कलाविभागाचे प्रमुख झाले. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे त्यांचे टंक पुढे जगभर गेले. पण धावत्या लेखणीचं अक्षर टंकात आणायचा प्रयत्न त्यांनी १९४८ मध्येच स्टेम्पेलसाठी केला होता. व्हर्च्युओसा नावाचा टंक त्या दिशेचा. तो देखणा आहे, पण वहीतलं पान ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तो अंग चोरून उभा असल्यासारखा वाटेल. त्याला इलाज नव्हता.

इलाज का नव्हता, हे कळायला खिळा डोळ्यांसमोर आणावा लागतो. शिशाच्या खिळ्याचा देह म्हणजे चौकोनी ठोकळा. अक्षर त्या ठोकळ्याच्या माथ्यावर. खिळे शेजारी शेजारी लावले की शब्द होतो, ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घातल्या की पान होतं. ज्या अक्षराचा फराटा स्वतःच्या चौकोनाबाहेर जातो, त्याचा तेवढा भाग शेजाऱ्याच्या देहावर अधांतरी टेकवावा लागतो. असे लोंबते भाग ओतताना, जुळवताना, छापताना मोडतात. रोमन एफची वर वळलेली आकडी त्यासाठी बदनामच. बाजूला लोंबणारा तुकडा एक वेळ सांभाळता येतो, पण वरच्या ओळीत दोन अक्षरं मागे घुसणारा किंवा खालच्या ओळीच्या डोक्यावरून जाणारा फराटा खिळ्यात ओतणार कसा? लिनोटाइप यंत्रावर तर प्रश्नच मिटला, कारण तिथे साच्यांची ओळ एकदम ओतली जाते आणि एका साच्यातलं अक्षर दुसऱ्याच्या हद्दीत जाऊच शकत नाही.

झॅप्फ यांच्या आधीही लोक या भिंतीशी झगडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फर्मँ दिदो यांनी तिरक्या देहाचे, एकमेकांत अडकणारे खिळे करून धावत्या इंग्रजी वळणाचं अक्षर छापून दाखवलं. आपल्याकडे मोडीचंही तसंच. मोडी लिहिली जाते ती हात न उचलता, लपेटीने. विल्यम कॅरी यांचा मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला मोडी टायपात छापला गेला. ओतीव मोडी वाचता येते, पण दप्तरातल्या मोडीची धाव तिच्यात कुठून येणार? सुट्या खिळ्यांना हाताचा वेग ठाऊक नसतो.

त्यामुळे पान वहीतच राहिलं.

१९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणाने झॅप्फ यांच्याशी संपर्क साधला. स्टॅनफर्डला शिकलेला, टेक्टॉन या टंकाचा कर्ता. त्याच्या डोक्यात अशा टंकाची कल्पना होती की ज्यात एकेका अक्षराची पुष्कळ रूपं असतील आणि प्रोग्रॅम त्यांतून आळीपाळीने उचलेल, म्हणजे एकच ए दोनदा सारखा दिसणार नाही. त्यामागे केऑस सिद्धान्ताचं आकर्षण होतं. झॅप्फ यांना आधी शंका वाटली, पण मग १९४४ चं पान आठवलं. जे शिशात जमलं नाही ते इथे जमेल, हे पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला लगेच दिसलं. हे नवल नाही. झॅप्फ संगणकाला बिचकणारे नव्हते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या संस्थेत त्यांनी संगणकावरच्या टंकरचनेचा विषय दहा वर्षं शिकवला होता, आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्याबरोबर गणिताच्या छपाईसाठी ऑयलर नावाचा टंक घडवला होता.

प्रोग्रॅम लिहायला जीनो ली आला. काम पुढे सरकत होतं, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर सीगलने अंग काढून घेतलं. कारण खासगी होतं. प्रेमभंगानंतर कशातच मन लागत नसल्याचं पत्र त्याने पाठवलं, असं झॅप्फ यांनी आत्मकथनात नोंदवलं आहे. सीगल पुढे वेबसाइट रचनेतला नावाजलेला माणूस झाला, पण हा टंक लोंबकळत राहिला. काही काळाने झॅप्फ यांनी तो लिनोटाइप कंपनीपुढे ठेवला. स्टेम्पेल फाउंड्री एव्हाना लिनोटाइपमध्ये विलीन झालेली होती. म्हणजे १९४८ साली जिथे हे अक्षर अडलं होतं, त्याच घराण्यात ते परत आलं.

लिनोटाइपने काम नव्याने मांडलं, आणि या मांडणीत एक महत्त्वाचा निर्णय झाला असं मला वाटतं. सीगलची मूळ कल्पना यदृच्छेची होती, कोणतं रूप येईल ते यंत्र ठरवणार. हाती आलेल्या टंकात रूपं पुष्कळ आहेत, पण यदृच्छा नाही. १९९८ मध्ये झॅपफिनो निघाला तो चार वर्णमालांचा संच म्हणून, आणि सोबत जोडअक्षरांचा आणि वेलबुट्टीचा वेगळा भाग. म्हणजे एच हवा असेल तर एकाहून जास्त एच हजर, त्यांतला कुठला लावायचा ते जुळवणाऱ्याने ठरवायचं. चार वेगळ्या फाँटांची विभागणी हौसेची नव्हती. तेव्हाच्या पोस्टस्क्रिप्ट फाँटमध्ये एका वेळी २५६ पलीकडे जागा नसत. म्हणून शब्द लिहिता लिहिता मध्येच फाँट बदलायचा, एक अक्षर घालायचं, परत पहिल्यावर यायचं. किचकट काम. पण त्या किचकटपणात शहाणपण होतं: जो एवढे कष्ट घेणार तो अक्षराकडे बघणार.

आता अक्षरांकडे बघू. झॅपफिनोत छोट्या अक्षरांचं पोट लहान असतं. म्हणजे ए, एन, ओ यांची उंची बेताची, आणि त्यामानाने बी, डी, एच, एल यांचे दांडे वर भरपूर चढतात, जी, वाय, पी यांच्या शेपट्या तितक्याच खाली उतरतात. एफ दोन्हीकडे जातो. रेघ जाड-बारीक होते, पण टोकदार निबाने लिहिलेल्या इंग्रजी कॉपरप्लेट वळणाइतकी नाट्यमय नाही, दाब बेताचाच. अक्षरं सगळीच्या सगळी एकमेकांना चिकटलेली नाहीत. काही हातात हात घालतात, काही नुसती जवळून जातात. याच्यामुळे ओळीला श्वास मिळतो. लग्नपत्रिकांवर दिसणारे बरेच नाजूक टंक एका तारेत ओवलेल्या मण्यांसारखे अखंड जोडलेले असतात, आणि दहा शब्दांनंतर डोळा थकतो. झॅपफिनो तसा थकवत नाही. तो थकवतो वेगळ्या कारणाने, ते पुढे येईलच.

मराठी नावांवर हा टंक बसवून बघण्यात खरी गंमत आहे. सिद्धार्थ हे नाव रोमनमध्ये लिहा. एस, आय, मग डी, डी, एच, पुढे ए, आर, आणि शेवटी टी, एच. मधोमध तीन उंच दांडे एकापाठोपाठ, शेवटी आणखी एक. नुसतं टाइप केलं तर मध्ये कुंपण उभं राहतं. दोन्ही डी एकाच साच्यातले असले तर हाताने लिहिल्याचा सगळा भास तिथेच संपतो, कारण हाताने लिहिणारा माणूस दुसरा डी पहिल्यासारखा कधीच काढत नाही. इथे एक डी साधा ठेवायचा, दुसऱ्याचं मोकळं रूप घ्यायचं, आणि शेवटच्या एचला शेपूट सोडायची मुभा द्यायची.

मराठीत महाप्राण व्यंजनं पुष्कळ. ख, घ, छ, थ, ध, भ, आणि त्यांत श ची भर. रोमनमध्ये यांतलं प्रत्येक अक्षर एच घेऊन येतं. त्यामुळे मराठी नावांच्या रोमन ओळीत एचची गर्दी असते, आणि ज्या टंकात एचचा दांडा एवढा चढतो तिथे ती गर्दी लपत नाही. याउलट मनवा. मोठा एम सोडला तर पुढे सगळी बुटकी अक्षरं: ए, एन, ए, व्ही, ए. वर काही नाही, खाली काही नाही. पत्रिकेवर सिद्धार्थच्या शेजारी मनवा सपाट दिसते, आणि मग घरच्यांना वाटतं की मुलीचं नाव लहान छापलं. अशा वेळी मोठ्या एमचं भरदार रूप आणि शेवटच्या ‘ए’चा लांब सुटलेला फराटा घेतला तर दोन्ही नावांचं वजन जुळतं. देशपांडे हे आडनाव सुदैवी म्हणायचं: एच वर, पी खाली, डी परत वर. त्याला फारसं काही करावं लागत नाही.

ही सगळी निवड माणसाने करायची होती. मग ॲपलच्या संगणकांवर मॅक ओएस एक्स ही नवी प्रणाली आली, आणि तिच्याबरोबर झॅपफिनो फुकट आला.

ॲपलला आपल्या यंत्रणेची अक्षरमांडणी दाखवायची होती, आणि त्यासाठी याहून चांगला नमुना मिळाला नसता. मॅकवरच्या झॅपफिनोत चौदाशेहून जास्त अक्षररूपं एकाच फाँटात होती. टाइप करता करता फाँट स्वतःच आजूबाजूची अक्षरं पाहून रूप बदलायचा. त्यातली प्रसिद्ध चीज म्हणजे खुद्द टंकाचं नाव. रोमनमध्ये ती सात अक्षरं ओळीने टाइप केली की शेवटच्या अक्षराला ती सगळी विरघळून एकच अखंड रूप उमटतं, जणू कोणी सही केली. हा खेळ पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास पुन्हा करून बघतो.

देवनागरीत लिहिणाऱ्याला या यंत्रणेचं अप्रूप कमी वाटायला हवं. क ला हलन्त लावून ष टाइप केला की क्ष होतो, र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, ते याच जातीच्या अदलाबदलीने. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा देवनागरी फाँट विंडोजवर आला तेव्हापासून आपण हे रोज वापरतो. फरक असा की देवनागरीत ही अदलाबदल लिपीच्या व्याकरणाची असते आणि यंत्राने ती आपोआप केली तर बरोबरच होते. झॅपफिनोत ती चवीची असते. कुठला एफ कुठे शोभेल हे आजूबाजूच्या दोन अक्षरांवरून ठरत नाही, ते कागदाच्या आकारावरून, वरच्या ओळीवरून, सोबतच्या चित्रावरून ठरतं. फाँटाला यातलं काहीच दिसत नाही. तो बिचारा आपल्या नियमाने एक बरं रूप उचलतो.

आणि तेच बरं रूप सगळीकडे गेलं. ब्युटी पार्लर, स्पा, योगवर्ग, लग्नाचे फोटोग्राफर, अत्तराच्या बाटल्या, वाइनच्या चिठ्ठ्या, शुभेच्छापत्रं. हौशी माणसाला नाजूक काही हवं असलं की यादीतलं शेवटचं नाव, झेडवरचं, सापडायचं. मॅकमध्ये टायपोग्राफीची वेगळी खिडकी उघडून पर्यायी रूपं निवडता येत होती, पण ती खिडकी उघडणारे किती? त्यामुळे ज्या टंकाचा सगळा जीव विविधतेत, तो लोकांनी पाहिला एकाच तोंडवळ्यात. पुढे जाणकारांनी त्याला नाकं मुरडली, ती याच तोंडवळ्याला. मला ही नाकं मुरडणं थोडं अन्यायाचं वाटतं. पेटीतले दोनच सूर वाजवून पेटीला नावं ठेवण्यातला प्रकार आहे हा.

वापरणाऱ्यांची दुसरी तक्रार मात्र खरी होती. झॅपफिनोची नेहमीची ओळउंची अक्षराच्या नोंदलेल्या आकाराच्या तिपटीहून जास्त. म्हणजे बारा पॉइंटच्या मजकुरात एक शब्द झॅपफिनोत केला की ती ओळ एकदम फुगते आणि वरखालच्या ओळी लांब फेकल्या जातात. ओळउंची जबरदस्तीने कमी केली तर फराटे कापले जातात किंवा एकमेकांत घुसतात. स्क्रीनवर तर मजकुराची चौकट अक्षराच्या देहावरून मोजली जाते, आणि फराटा चौकटीबाहेर गेला की तो बऱ्याचदा सरळ छाटला जातो. बटणावर झॅपफिनो टाकून बघा, एफची शेपूट तुटलेली दिसेल. शिशातला जुनाच प्रश्न. खिळ्याचा चौकोन गेला, पण त्याच्या जागी दुसरा चौकोन आला.

२००३ मध्ये लिनोटाइपने झॅपफिनो एक्स्ट्रा काढला. जपानचे अकिरा कोबायाशी आणि झॅप्फ यांनी मिळून जुनी रूपं तपासली, ओपनटाइप या नव्या फाँटपद्धतीत सगळं एकत्र आणलं, छोट्या उंचीची मोठी अक्षरं घातली, आणखी लांब फराट्यांची रूपं घातली, आणि फोर्ते नावाचं जाड वजन आणलं. नाजूक टंकाला जाड भाऊ कशासाठी, असं वाटू शकतं. छापखान्यात काम केलेल्याला वाटणार नाही. बारीक रेघ काळ्या शाईत, गुळगुळीत कागदावर सुंदर उमटते. तीच रेघ गर्द लाल पार्श्वभूमीवर पांढरी सोडली की आजूबाजूची शाई आत सरकते आणि रेघ मधूनच बुजते. सोनेरी फॉइलमध्ये तर दोन्ही बाजूंनी धोका. फॉइल कमी चिकटलं तर रेघ तुटते, जास्त दाब झाला तर ई आणि ए यांची पोटं भरून जातात. हातकागदावर, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, हेच थोड्याफार फरकाने. आपल्या लग्नपत्रिकांना गर्द मरून कागद आणि सोनेरी अक्षरं फार प्रिय. तिथे फोर्ते लावला तर छापून आल्यावर तो साध्या झॅपफिनोसारखाच दिसतो, आणि साधा झॅपफिनो लावला तर छापून आल्यावर अर्धाच दिसतो.

एवढं झाल्यावर वापराबद्दल थोडं ठासून सांगता येईल. झॅपफिनो शब्दांचा टंक आहे, परिच्छेदांचा नाही. दोन नावं, एक ओळ, मानपत्राचं शीर्षक, कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर कवीचं नाव, एखाद्या दुकानाची पाटी, इथपर्यंत ठीक. पत्रिकेतला कार्यक्रम, पत्ता, मुहूर्ताची वेळ यात लिहू नये. अंक वाचायला अवघड जातात, आणि मंगल कार्यालय शोधणारे काका गाडी थांबवून पत्रिका डोळ्यांपुढे धरतात तेव्हा त्यांना सौंदर्याचं काही पडलेलं नसतं. नुसत्या मोठ्या अक्षरांत तर कधीच लिहू नये. या टंकातलं प्रत्येक मोठं अक्षर सुरुवात करण्यासाठी काढलेलं आहे. नऊ जणांनी एकदम सुरुवात केली तर गोंधळ होतो. इंग्रजीत आद्याक्षरं लिहायची आपली पद्धत, व्ही. एस., पी. एल., यात अशीच अडचण येते: दोन भरदार मोठी अक्षरं, मध्ये टिंबं, मग आडनावाचं तिसरं. अशा वेळी आद्याक्षरांची साधी रूपं घ्यावी, आडनावाच्या पहिल्या अक्षरालाच काय तो थाट करू द्यावा.

फराट्यांचंही तेच. एका नावात एक लांब फराटा पुरतो. तो शक्यतो शब्दाच्या टोकाला, जिथे कागद मोकळा आहे तिथे. मधल्या अक्षराला फराटा दिला की तो शेजाऱ्यांवर पडतो. आणि अक्षरांमधलं अंतर हाताने वाढवायचं नाही. ज्या दोन अक्षरांचे दुवे एकमेकांना शिवतात ते अंतर वाढवल्यावर तुटून लोंबायला लागतात, आणि जोडअक्षरंही सुटी होतात. रोमनच्या साध्या टंकात अंतर वाढवून रुबाब आणता येतो, इथे येत नाही.

उरला प्रश्न शेजारच्या देवनागरीचा, कारण आपल्या पत्रिका बहुधा दोन लिप्यांत असतात. सहज प्रवृत्ती अशी की रोमन लफ्फेदार आहे तर मराठीही लफ्फेदार घेऊ. मग एका बाजूला झॅपफिनोचे दांडे वर चढतात, दुसऱ्या बाजूला वेलांट्या आणि रफार आपापले वळसे घेतात, आणि पान भांडायला लागतं. दोन्ही लिप्यांचा मोकळेपणा वेगवेगळ्या जागी असतो. रोमनचं अक्षर खालच्या ओळीवर उभं राहून वर हात उंचावतं. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते आणि तिच्या हालचाली रेषेच्या वर मात्रांत आणि पायाशी उकारांत होतात. झॅपफिनोसारखं देवनागरीत काही करायचं झालं तर पहिला निर्णय शिरोरेषेचा घ्यावा लागेल. ती सलग ठेवली तर अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेली दिसतात आणि हाताचा वेग हरवतो, तोडली तर हस्तलिखिताचा भास येतो पण लांबून वाचणं कठीण. आपले चांगले सुलेखनकार ती शब्दाच्या मध्ये पातळ करतात, कुठे सोडतात, कुठे पुढच्या वेलांटीत मिसळून टाकतात, आणि प्रत्येक शब्दाला वेगळं करतात. हे नियमांत मांडून फाँटात घालणं अशक्य नाही, पण एकेका वेलांटीची किती रूपं लागतील याचा विचार केला की चौदाशेचा आकडा लहान वाटायला लागतो. इकाराची वेलांटी जोडाक्षरावरून जाताना किती लांब जाते ते जोडाक्षर किती रुंद यावर ठरतं, हा तर नुसता आरंभ.

लिप्या बदलून हा टंक नेता येतो याचा एक पुरावा आहे. २०१४ मध्ये लिनोटाइपने नादीन शाहीन यांचा झॅपफिनो अरेबिक काढला. अरबी लिपी मुळातच लेखणीची आणि जोडून लिहिण्याची, त्यामुळे तिथे फराट्याला जागा मिळवण्यासाठी भांडावं लागलं नसेल. रोमन फराट्यांची नक्कल करण्यापेक्षा अरबीच्या आपल्या वळणांतून तोच हलकेपणा काढायचा, हे खरं काम होतं. देवनागरीत कोणी हात घातला तर त्यालाही तिथूनच सुरुवात करावी लागेल. तोवर दोन लिप्यांच्या पत्रिकेत मी तरी असं करीन: रोमन नावं झॅपफिनोत, मराठी नावं सरळ, हलक्या वजनाच्या, नीट वाचता येणाऱ्या देवनागरीत, आणि मराठी आकार रोमनपेक्षा थोडा मोठा, कारण झॅपफिनोचे दांडे नावाला त्याच्या खऱ्या आकाराहून उंच दाखवतात. दोन्ही ओळींमध्ये जागा सोडायची ती एफची शेपूट मोजून.